भरती बघून निघा: चिपळूण ते लालबाग, ट्रिपचा शेवटचा दिवस

कोल्हापूर, बदामी, हंपी, चिकमगळूर, उडुपी, गोकर्ण आणि मग कुडाळजवळ आमच्या गावी थोडे दिवस, असा मोठा फेरा मारून आम्ही मे २०२५च्या शेवटी परत आलो. गाडीत सहा जण. मी, नवरा, लेक, धाकटा आणि सासूसासरे म्हणजे आई आणि बाबा. बाकीच्या ट्रिपबद्दल सवडीने लिहीन, हंपीवर तर वेगळंच लिहायला लागेल. पण शेवटच्या दिवसाचं आधी लिहून टाकते कारण तो दिवस आम्ही धरलाच नव्हता. शेवटचा दिवस म्हणजे काय, पहाटे उठायचं, गाडी हाणायची, जेवायला घरी. आमचं कायम असंच असतं आणि यावेळी पण तसंच ठरलं होतं.

आदली रात्र, चिपळूण

रविवारी मुंबईच्या दिशेला जायचं नाही हा आमच्या घरचा नियम आहे. मे महिन्यात रविवारी संध्याकाळी सगळे चाकरमानी एकदम परततात आणि माणगावात जे काय होतं ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. म्हणून रविवारी कुडाळहून निघून चिपळूणला मुक्काम आणि सोमवारी, २६ तारखेला मुंबई. हे तुम्हीही करा, एक रजा जास्त जाते पण डोकं शाबूत राहतं.

पाऊस गावापासूनच मागे लागला होता. मे महिन्यात वळवाचा एखादा तडाखा येतो, दोन तास धिंगाणा घालतो आणि जातो, त्याची सवय आहे. हा तसला नव्हता, हा आषाढातल्यासारखा एका लयीत पडत होता. सकाळी उठले तर खिडकीबाहेर पांढरं धुकट आणि फोनवर चाळीच्या ग्रुपवर धडाधड व्हिडिओ. हिंदमाताला पाणी, लोकल रखडल्या, वरळीला पंधरा दिवसांपूर्वी सुरू झालेल्या भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाण्याचा धबधबा. शेजारच्या वहिनींचा व्हॉइस मेसेज, "येऊ नका गं आज, कुठे आहात तिथेच थांबा."

त्यात आईंनी कॅलेंडर काढलं. सोमवती अमावास्या. "अमावास्येचा प्रवास नको बाई." बाबा म्हणाले अमावास्या दुपारी बाराला लागते, त्याच्या आधी निघालो म्हणजे झालं, प्रवास कधी सुरू केला ते बघतात. हा नियम बाबांनी त्याच क्षणी तयार केला असावा.

आम्ही उतरलो होतो ते घरगुती लॉज. मालक साठीचे, गप्पिष्ट. नाश्त्याला घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, वर काळा चहा, दूधवाला पावसामुळे आला नव्हता. खालच्या मजल्याच्या भिंतीवर त्यांनी निळ्या ऑइलपेंटने एक रेघ मारून ठेवलीय, माझ्या डोक्याच्या वर हातभर. २२ जुलै २०२१ला पाणी तिथपर्यंत आलं होतं. फ्रिज, गाद्या, मुलीच्या लग्नाचा अल्बम, सगळं गेलं. २००५ला पण आलं होतं पण ते कमरेइतकं, म्हणून त्याची रेघ मारली नाही म्हणे.

नवऱ्याने त्यांना मुंबईचे व्हिडिओ दाखवले आणि विचारलं काय करावं. त्यांनी व्हिडिओ बघितलेच नाहीत. म्हणाले, "पाऊस किती पडतोय ते बघू नका हो, भरती कधी आहे ते बघा." आणि मग समजावून सांगितलं. चिपळूण बुडतं ते नुसत्या पावसाने नाही. वरून घाटातलं पाणी येतं, कोयनेची वीज करून सोडलेलं पाणी कोळकेवाडीतून वाशिष्ठीत येतं आणि त्याच वेळेला समुद्राला भरती असली की खाडी ते पाणी घेतच नाही. मग ते बाजारात शिरतं. "तुमच्या मुंबईचं पण तेच. आज अमावास्या, म्हणजे उधाण. अकरा-साडेअकराला भरती, मग उतरत जाईल, संध्याकाळी पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी. तुम्ही आत्ता धावत सुटलात तर मुंबईत दुपारी पाण्यात बसाल. सहाच्या पुढे पोचा. तोपर्यंत वाटेत जेवा, फिरा, घाई कशाला?"

आणि असा आमचा शेवटचा दिवस एकदम मोकळा झाला. ट्रिपमध्ये पहिल्यांदाच कोणी गजर न लावता, कोणावर न ओरडता नऊ वाजता निघालं.

परशुराम घाट, कशेडी

चिपळूणहून निघाल्या निघाल्या परशुराम घाट. इथे डोंगर उभा कापलाय आणि लाल माती रस्त्यावर ओघळून येत होती, एका बाजूला जेसीबी उभाच. पावसात इथे डोंगराच्या बाजूची लेन सोडून चालवा आणि दरीचा फोटो काढायला वगैरे अजिबात थांबू नका. मी चालवत होते, बाबा शेजारी. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण गाडीत बसले की त्यांचा उजवा हात अजून घंटीची दोरी शोधतो.

खिडक्या बंद, एसी चालू आणि मागे गावाहून आणलेला फणस. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना पुढे सांगायला नको. खेड येईपर्यंत धाकट्याने नाकाला रुमाल बांधला होता. हा फणस कापा की बरका यावर आई आणि बाबांचं कुडाळपासून चालू होतं.

कशेडीचा बोगदा आला तशी मुलं जोरात ओरडली, दरवेळी ओरडतात. पूर्वी हा घाट म्हणजे पाऊण तास वळणंच वळणं, ट्रकच्या मागे ट्रक आणि मागच्या सीटवर कोणीतरी पिशवीत तोंड घालून बसलेलं. आता दोन किलोमीटरचा बोगदा आणि सगळा घाट दहा-बारा मिनिटांत पार. बाबांना ते आवडत नाही. त्यांच्या मते घाटात उलटी झाल्याशिवाय गावाला गेल्यासारखं वाटत नाही. आईंनी मागून सांगितलं की उलट्या मला व्हायच्या, तुम्हाला काय जातंय.

पोलादपूर सोडलं की थोड्या वेळाने सावित्रीचा पूल. इथे बाबा दरवेळी गप्प होतात. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री असाच पाऊस असताना ब्रिटिशांच्या वेळचा जुना दगडी पूल वाहून गेला आणि काळोखात पूल नाही हे न कळल्याने दोन एसट्या पुरात गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. त्यावर उंच कठडे आहेत, दिवे आहेत. लेकीने विचारलं की १६५ दिवसांत पूल होतो तर मग बाकीचा रस्ता २०११ पासून का होत नाही. याचं उत्तर गाडीत कोणाकडेच नव्हतं, तुमच्याकडे असेल तर सांगा.

महाड

या रस्त्याने आमची किती वर्षं ये-जा आहे, पण महाड म्हणजे हायवेवरचा एसटी स्टँड आणि चहा. गावात कधी शिरलोच नाही. यावेळी हातात वेळच वेळ, अकरा वाजलेले, मुंबईत ऐन भरती. बाबाच म्हणाले, "चवदार तळ्यावर जाऊया."

मला आश्चर्य वाटलं कारण बाबा देवळात सोडून कुठे "जाऊया" म्हणत नाहीत. मग कळलं की डेपोतले त्यांचे बरेच सोबती दरवर्षी २० मार्चला गाडी करून महाडला यायचे, बाबांना दरवर्षी बोलवायचे आणि बाबांची दरवर्षी ड्युटी असायची. ड्युटी त्या लोकांची पण असायची, पण ते बदलून घ्यायचे. हे बाबा स्वतःच म्हणाले.

हायवे सोडून गावात शिरलं की गल्ल्या अरुंद आहेत, मोठी गाडी असेल तर थोडी आधीच लावा आणि चालत जा. तळं माझ्या कल्पनेपेक्षा मोठं निघालं. चारी बाजूंनी बांधलेलं, मध्ये बाबासाहेबांचा पुतळा आणि पाण्यावर पावसाचे टपोरे थेंब. माणसं अगदी थोडी. आम्ही छत्र्या धरून पायऱ्यांच्या वर उभे राहिलो.

तिथे एक आजी नातीला घेऊन आल्या होत्या, जवळच्याच गावच्या. आईंशी त्यांचं लगेच जमलं, दोन मिनिटांत पोरांची शिक्षणं आणि गुडघेदुखी यावर चर्चा सुरू. नात माझ्या लेकीच्याच वयाची, तिला सगळं पाठ. मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी ठराव आणला १९२३ला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ला तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. पण कागदावर. मग २० मार्च १९२७ला परिषदेला आलेले हजारो लोक रांगेने इथे आले आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं. त्यानंतर गावात लोकांना मारहाण झाली, तळं बाटलं म्हणून त्यात शेण-गोमूत्राचे घडे ओतून शुद्ध करून घेतलं. मग कोर्टबाजी. हायकोर्टाचा निकाल लागला मार्च १९३७ला.

"म्हणजे दहा वर्षं? पाणी प्यायचं की नाही यासाठी?" लेक म्हणाली. त्या मुलीने खांदे उडवले, तिच्यासाठी ही जुनीच गोष्ट.

मी लेकीच्या शाळेच्या पुस्तकात हा धडा बघितलाय, अर्धं पान. इथे ती बराच वेळ कठड्याला धरून उभी होती, मोबाइल न मागता. बाबा तळ्याला पूर्ण फेरी मारून आले, पावसात, छत्री मिटून काखेत. परत आल्यावर एवढंच म्हणाले की त्यांच्या सोबत्याला फोटो पाठव. मी पाठवला. पलीकडून लगेच फोन आला आणि ते दोघं म्हातारे वीस मिनिटं डेपोतल्या कोणाकोणाची चौकशी करत बसले.

जेवण तिथल्याच एका खानावळीत. सोमवार, त्यात अमावास्या, त्यामुळे आईंनी मासे मटण सगळ्यांनाच बंद केलं आणि बाबांचं तोंड उतरलं. पण कडव्या वालाचं बिरडं असं होतं की विचारू नका. वाल मोडाचे, सोललेले, ओलं खोबरं आणि कोकम, बरोबर तांदळाची भाकरी आणि सोलकढी. रायगडचे वाल म्हणजे वेगळाच प्रकार, आमच्याकडे दादरला मिळतात त्यांना तो कडवटपणाच नसतो. बाबांनी तीन वेळा बिरडं मागून घेतलं आणि वर म्हणाले, बरं होतं.

महाड सोडताना डोंगरात गांधारपाल्याची लेणी दिसतात, अगदी हायवेवरूनच. बौद्ध लेणी आहेत, थोडं चढावं लागतं. पावसात पायऱ्या निसरड्या म्हणून गेलो नाही, थंडीत मात्र जाणार. रायगड करणाऱ्यांनी हे चवदार तळं, लेणी आणि किल्ला असं दोन दिवसांचं ठेवायला हरकत नाही, महाडपासून रायगड पंचवीस किलोमीटरच्या आत आहे.

माणगाव ते पेण

यावर काय लिहायचं. माणगाव आणि इंदापूरचे बायपास तेव्हा झालेले नव्हते त्यामुळे सगळा हायवे बाजारपेठेतून जात होता, सोमवार असूनही तीस-चाळीस मिनिटं गेली. रविवारी आलो असतो तर अजून तिथेच असतो. नवरा चालवायला बसला, मी मागे झोपले. कोलाडला कुंडलिका लाल झालेली बघितल्याचं अंधुक आठवतंय.

एक कामाची गोष्ट, बायकांसाठी खास. या रस्त्यावर धड स्वच्छतागृह मिळणं कठीण, पेट्रोलपंपावर असतात पण बऱ्याच ठिकाणी कुलूप. जेवायला थांबाल तिथेच सगळ्यांनी जाऊन घ्या, "मला आत्ता नाही आली" हे कोणाचंही ऐकू नका.

पेणला पापड आणि पोह्याची मिरगुंडं घेतली. त्याआधी वडखळला रस्त्याकडेला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा असतात, पावसामुळे बरेचसे स्टॉल झाकलेले, तरी एका मावशींनी प्लास्टिकखालून दोन माळा काढून दिल्या. भाव पण कमी केला. आता भिजला की सडतोच, घेऊन जा, म्हणाल्या. त्यांचा सगळा माल या अवेळी पावसाने अडकलेला. बाबा एरवी भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी भांडतात, त्यांनी मूळ भावानेच पैसे दिले आणि वळून आईंकडे बघितलं नाही.

हमरापूर

पेणच्या पुढे हमरापूर. इथे घराघरात गणपतीचे कारखाने आहेत आणि इथून मूर्ती सगळ्या महाराष्ट्रात जातात. आम्ही लालबागची माणसं, गणपती आम्हाला दिसतात ते रंगवलेले, मखरात बसलेले. इथे एका शेडमध्ये थांबून बघितलं तर शेकडो पांढरेफटक गणपती, डोळे नसलेले, एका ओळीत सोंडा वाळत घातलेल्या. धाकटा आईंच्या मागे लपला. त्याला ते भुताटकीसारखं वाटलं आणि खरं सांगायचं तर मलाही थोडं.

कारागीर तरुण होता, पंचविशीचा. यंदा गणपती २७ ऑगस्टलाच, म्हणजे वेळ कमी, त्यात मे महिन्यात ऊन हवं तर हे असं. शेडमध्ये पंखे लावून मूर्ती सुकवत होते, एकीवर बोटाने दाबून दाखवलं, अजून ओली. त्यात पीओपीचा प्रश्न कोर्टात. शाडूच्या करतोच हो, म्हणाला, पण शाडू जड, सुकायला वेळ, वाटेत तुटते जास्त आणि गिऱ्हाईक पीओपीचाच भाव देतं. त्याला आम्ही कुठले ते सांगितल्यावर तो हसला, "तुम्ही काय बघायला आलात मग, तुमच्याकडेच तर येतात सगळे."

लेकीला एका छोट्या मूर्तीच्या उंदराला पॉलिश पेपर मारायला दिला. अर्धा तास हलली नाही तिथून. नवरा बाहेर भरतीचं वेळापत्रक बघत उभा. साडेचार. ग्रुपवर मेसेज आला, हिंदमाताचं पाणी उतरतंय.

अटल सेतू

पळस्प्याला बाबा आणि नवरा यांचं जे होणार होतं ते झालं. बाबांचं म्हणणं वाशीवरून जायचं, कायम तिथूनच जातो, आणि आता ऑक्टोबर २०२४पासून वाशीला छोट्या गाड्यांचा टोल पण माफ आहे. नवऱ्याचं म्हणणं मानखुर्द-चेंबूरला पाणी असणार, अटल सेतूने थेट शिवडीला उतरू, शिवडीहून लालबाग किती लांब. "अडीचशे रुपये!" बाबा. "अहो ट्रिपचा शेवट आहे, मुलांना समुद्रावरचा पूल दाखवू." मुलांनी अर्थातच पूल पूल चालू केलं. बाबा हरले.

जेएनपीटी रोडने चिर्ल्याला आणि तिथून वर. जवळजवळ बावीस किलोमीटरचा पूल, त्यातला साडेसोळा समुद्रावर. लेकीला मी सांगून ठेवलं होतं की शिवडीच्या बाजूला चिखलात फ्लेमिंगो असतात, मेअखेर म्हणजे बरेचसे उडून गेले असतील पण बघ एखादा. सगळे काचांना नाक लावून बसले.

आणि काहीच दिसलं नाही. म्हणजे काहीच नाही. पाऊस आडवा, दोन्ही बाजूंना राखाडी भिंत, समुद्र कुठला आणि आभाळ कुठलं कळेना. पुढच्या गाडीचे लाल दिवे आणि वायपर. ताशी शंभरची मर्यादा आहे पण वारा गाडीला बाजूला ढकलत होता म्हणून साठच्या वर नेली नाही, तुम्हीही नेऊ नका. फोटोसाठी थांबायचं तर नावच काढू नका, कॅमेरे आहेत आणि दंड होतो. फास्टॅगचा मेसेज टुंग करून आला, २५० कापले. बाबांनी तो मोठ्याने वाचून दाखवला.

शिवडीला उतरलो तेव्हा सहा वाजून गेले होते आणि लॉजवाल्या काकांचं गणित बरोबर निघालं. रस्त्यावर पाण्याच्या खुणा, डिव्हायडरला अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, एक बंद पडलेली टॅक्सी, पण पाणी नाही. काळाचौकीवरून दहा मिनिटांत घरी. नाक्यावर लोक वडापाव खात पाण्याच्या उंचीवर वाद घालत होते, गुडघ्याएवढं का मांडीएवढं. रात्री बातम्यांत सांगितलं की मान्सून आजच मुंबईत दाखल झालाय, एरवी ११ जूनला येतो तो सोळा दिवस आधी, आणि मे महिन्यातल्या पावसाचा १९१८चा विक्रम कुलाब्याला मोडला.

लिफ्ट बंद होती. फणस नवऱ्याने खांद्यावरून चार मजले चढवला आणि दारात ठेवता ठेवता तो उकलला. बरका. आई काही बोलल्या नाहीत, फक्त बाबांकडे बघून पातेलं आणायला गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याची सांदणं झाली आणि सगळ्या मजल्यावर वाटली.

वहिनींनी पिठलं-भात करून ठेवला होता. जेवताना त्यांनी धाकट्याला विचारलं, काय काय बघितलंस रे एवढ्या मोठ्या ट्रिपमध्ये? मला वाटलं हंपीचा दगडी रथ सांगेल, नाहीतर गोकर्णचा समुद्र.

"आम्ही मोठ्या पुलावर गेलो आणि काहीच दिसलं नाही!"

"म्हणूनच सांगत होतो," बाबा भात कालवत म्हणाले, "वाशीवरून फुकटात दिसलं नसतं."